संरक्षण आदेश कुठे मागावा: दंडाधिकारी की कौटुंबिक न्यायालय?

नवऱ्याने आसपास फिरकू नये ही तातडीची गरज असेल, तर दंडाधिकाऱ्याकडचा डीव्ही अर्ज (डीव्ही म्हणजे कौटुंबिक हिंसाचार; २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, कलम १२) बरा. घटस्फोटाचा दावा कौटुंबिक न्यायालयात आधीच चालू असेल, तर कलम २६ खाली तिथेही हाच आदेश मागता येतो. वकील एक, तारखाही एकाच ठिकाणी. फरक पडतो तो आदेश मोडल्यावर. कलम ३१ चा खटला शक्यतो आदेश देणाऱ्या दंडाधिकाऱ्यापुढेच चालतो. कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशाला ही सरळ वाट नाही. तिथे काही दिलासा मिळाला असेल तर दंडाधिकाऱ्याला कळवावाच लागतो. लपवलात की समोरचा वकील नेमके तेच उकरून काढतो.

पोलिसांतली तक्रार (सासरच्या छळाचे पूर्वीचे भादंवि ४९८-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेचे कलम ८५) शिक्षेसाठी. ती जरूर करा, पण नवऱ्याला दारापासून लांब ठेवायला ती पुरत नाही.

सासर खारघरला, माहेर ऐरोलीला असेल तर पोलीस आयुक्तालय एकच (नवी मुंबई), न्यायालये मात्र दोन जिल्ह्यांची: पनवेल रायगडात, बेलापूर ठाण्यात. तात्पुरत्या मुक्कामाच्या जागीही अर्ज चालतो, म्हणून माहेरी आलेलीने बेलापूर गाठावे. पनवेलच्या फेऱ्या म्हणजे दर तारखेला सासरच्यांच्या अंगणात जाणे.

कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल ६० दिवसांत. प्रत्यक्षात नोटीस बजावण्यातच महिने जातात. म्हणून अर्जासोबतच नमुना ३ चे शपथपत्र जोडून कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम आदेश (समोरच्याचे ऐकण्याआधीच दिलेला तात्पुरता आदेश) मागावा.

आता मजकूर. ‘छळ करू नये’ एवढेच लिहिलेला आदेश पोलीस ठाण्यात लुळा पडतो. छळ झाला का, यावरच हुज्जत चालते. त्यापेक्षा अर्जात असे मागा: ‘ऐरोलीतील अमुक इमारतीत, अर्जदाराच्या ऑफिसात व मुलाच्या शाळेत जाऊ नये, फोन, व्हॉट्सअ‍ॅप किंवा नातेवाइकांमार्फत संपर्क साधू नये, संयुक्त लॉकर उघडू नये.’ गेटवरचे सीसीटीव्ही चित्रण किंवा कॉल लॉग मग थेट भंगाचा पुरावा ठरतो. निवास किंवा पोटगीचा आदेश मोडल्यास कलम ३१ लागते का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. तेव्हा ‘घराबाहेर काढू नये’ हे कलम १८ च्या आदेशातही (म्हणजे संरक्षण आदेशात) घालून घ्या.

भंग दखलपात्र, अजामीनपात्र. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेशाची प्रत विनामूल्य मिळते, पोलीस ठाण्यालाही जाते. तरी स्वतः एक प्रत देऊन पोच घ्यावी, आणि घर बदलले की नव्या हद्दीच्या ठाण्यातही.