यूपीआय अडकलं तर: दुसरं ॲप की खिशातली रोकड?

१२ एप्रिल २०२५ ला, हनुमान जयंतीच्या शनिवारी, देशभर यूपीआय अडकलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात दोन मतं आहेत. मुलगी म्हणते, फोनमध्ये दुसरं ॲप ठेवा. मी म्हणते, पाकिटात सुट्टे ठेवा.

दुसऱ्या ॲपचा फायदा आहे, आणि ते दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडलेलं असेल तर जास्तच. एका बँकेचा सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या खात्यातून काम भागतं. यूपीआय लाइटही अशा वेळी उपयोगी, कारण त्यात आधी भरलेल्या रकमेतून पैसे जातात, दर वेळी बँकेकडे विचारणा होत नाही. मात्र सगळ्या ॲप्सचे व्यवहार शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या एकाच यंत्रणेतून जातात. तीच थांबली तर चार ॲप्स असून उपयोग शून्य.

रोकडीचे त्रासही खरे आहेत. चोरीची भीती, फाटक्या नोटा, सुट्ट्यांची कटकट. तरी नाशिकच्या गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मेथीच्या दोन जुड्या घेताना माझं पेमेंट गोल गोल फिरत राहिलं, तेव्हा पदराच्या गाठीतून सुट्टे काढून देणाऱ्या शेजारच्या आजीच कामी आल्या. भाजीवाल्या मावशी उधार द्यायला तयार होत्या, पण त्यांना संध्याकाळी त्याच पैशांवर घरी जायचं होतं.

मी ५०० रुपये सुट्ट्यांत ठेवते, दहा-वीसच्या नोटा जास्त. औषधं नियमित लागणाऱ्या घरात याहून जास्त हवेत. दुसरं ॲपही ठेवलंय, मुलीच्या आग्रहाने, पण रोकडीनंतर.