खास नालेच्या नावाखाली ३२,००० रुपये गेले, घोडेवाल्यांनो सावध राहा

दोंडाईचा परिसरात आमचा वरातीच्या घोडीचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. हरणी आमची नऊ वर्षांची पांढरी घोडी. जानेवारीत एका वरातीत गटारावरच्या लोखंडी जाळीत तिचा पुढचा उजवा पाय अडकला आणि खुराच्या वर जिथे केस संपतात ती कड कापली गेली. जखम लवकर भरली. पण खूर त्या कडेतूनच खाली वाढतो. महिनाभरात खुराच्या बाजूला उभी चीर दिसू लागली आणि घोडी लंगडायला लागली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला. हाड शाबूत होतं. ते म्हणाले, मागून आडव्या पट्टीने जोडलेली बंद नाल बसवा म्हणजे चिरेवरचा भार कमी होईल, आणि नवा खूर खाली येईपर्यंत वरात बंद. खूर महिन्याला जेमतेम आठ ते दहा मिलिमीटर वाढतो. म्हणजे सात-आठ महिने घरी. ऐन लग्नसराईत हे ऐकून माझे हातपाय गळाले.

तिथेच मी चुकलो. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात एक जण भेटला होता, ‘दुखऱ्या घोड्यांचा स्पेशालिस्ट’ म्हणून त्याने कार्ड दिलं होतं. त्याला फोन केला. दुसऱ्याच दिवशी हजर. बोलणं एकदम गोड, हरणीच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला, “दादा, सहा आठवड्यांत वरातीत नाचवतो.” विदेशी अॅल्युमिनियमची नाल, दर पंधरा दिवसांनी बदली, चारही पायांना, सहा महिन्यांचे ३२,००० रुपये, सगळे आगाऊ. एक्स-रे दाखवायला गेलो तर म्हणाला, “त्याची गरज नाही, मला हाताला कळतं.” जो माणूस फोटो बघायलाच तयार नाही त्याच्या हातात पाय द्यायचा नसतो, हे तेव्हा सुचलं नाही. बायकोने पावती मागा म्हटलं होतं. मी तिलाच गप्प केलं. २०,००० फोनवरून पाठवले, १२,००० रोख दिले.

दुसऱ्यांदा नाल बदलल्यावर चौथ्या दिवशी हरणीने चंदी, म्हणजे तिचा खुराक, सोडली. उजवा पाय टेकवेना. हात लावला तर खूर तापलेला, आणि घोट्याच्या मागे नाडी धडधड उडत होती. त्या स्पेशालिस्टचा फोन बंद.

मग आमच्या जुन्या नालबंद आबांकडे धावलो. मी त्यांना डावलून दुसऱ्याला बोलावलं होतं, तरी एका शब्दाने न बोलता ते सायकलवर आले. पाय मांडीवर घेऊन नालेवर कानस मारली, तर चंदेरी रंगाची सालपटं निघाली आणि खाली काळं लोखंड. पिशवीतून फुटक्या स्पीकरचं चुंबक काढून त्यांनी नालेला लावलं. खटकन चिकटलं. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. “भाऊ, हाई तं लोखंड शे,” एवढंच म्हणाले.

नाल साधी, मागून उघडी होती. पट्टी नव्हतीच. त्यात खिळे अगदी टाचेपर्यंत ठोकलेले. टाप टेकली की खुराची मागची बाजू किंचित फाकते, म्हणून खिळे खुराच्या सगळ्यात रुंद भागाच्या पुढेच हवेत. इथे मागची बाजू जखडली होती आणि एक खिळा आत जिवंत भागात गेला होता. तो उपसला तर टोकाला काळपट पू. हरणी थरथरत उभी होती आणि मला तिच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं. डॉक्टरांना बोलावून पू काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याला धनुर्वात चटकन होतो, खिळा लागला तर हे इंजेक्शन चुकवू नका.

आता खर्चाचं सांगतो, कारण भीतीपोटी पैसे जातात ते इथेच. दर पंधरा दिवसांनी नाल बदलणं हा शुद्ध लुटीचा प्रकार आहे. तेवढ्यात खूर अर्धा सेंटिमीटरही वाढत नाही, उलट खिळ्यांच्या नव्या भोकांनी खुराच्या बाहेरच्या भिंतीची चाळणी होते. आमचे आबा पाच आठवड्यांनी येतात, खूर तासतात आणि झिजली नसेल तर तीच नाल पुन्हा बसवतात, त्याची फक्त मजुरी. बंद नाल त्यांनी पुढच्या दोन पायांनाच घातली, मागचे पाय मोकळे ठेवले, काम नाही तर नाल कशाला. पैसे प्रत्येक वेळी काम बघून. एक्स-रे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावला. सात महिन्यांचा सगळा नालेचा खर्च त्या ३२,००० च्या पाव हिस्साही झाला नाही.

पोलिसांत अर्ज दिला आहे. फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद आहे, रोख दिलेल्यांचा कागद नाही. हरणीची चीर खाली सरकत आता एक बोटभर उरली आहे.

हे आत्ता लिहितोय कारण मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरेल आणि तो तिथे येईल. पिशवीत चंदेरी नाल असेल, मोबाईलमध्ये धावत्या घोड्यांचे व्हिडिओ. लंगडं जनावर दिसलं की तो स्वतःहून जवळ येतो आणि आधी घोड्याच्या मानेवरून हात फिरवतो. खिशात चुंबक ठेवा.