छोट्या शाळेतले शिक्षक: कोण कुठून आलं आणि त्यानं काय फरक पडतो

मोठ्या शाळेत एखाद्या शिक्षकाशी मुलाचं जमलं नाही, तर वर्ष कसंबसं निघतं आणि पुढच्या इयत्तेत माणूस बदलतो. पाच-सहा शिक्षकांच्या स्वतंत्र शाळेत ही सोय नसते. मॉंटेसरी वर्गात तीन वयांची मुलं एकत्र बसतात, म्हणजे तीच व्यक्ती तीन वर्षं समोर असते. वॉल्डॉर्फ या जर्मनीत सुरू झालेल्या पद्धतीच्या शाळेत तर एकच वर्गशिक्षक पहिलीपासून आठवीपर्यंत वर्गासोबत वर सरकत जावा, अशी मूळ कल्पनाच आहे. त्यामुळे अशा दोन-तीन शाळांमध्ये मन अडकलं असेल, तर इमारत आणि वेळापत्रक बाजूला ठेवून आधी माणसं शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. पंचाईत एवढीच की माहितीपत्रकात सगळी माणसं सारखीच दिसतात. एक पदवी, अनुभवाची वर्षं आणि ‘मुलांची मनापासून आवड’.

कोण कुठल्या वाटेनं आलं

साधारण चार वाटा दिसतात. शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन आलेले, एखाद्या विशिष्ट पद्धतीचं प्रशिक्षण घेतलेले, आपल्या विषयातून आलेले (अभियंता, संशोधक, चित्रकार, सुतार) आणि स्वतःचं मूल त्याच शाळेत असल्यामुळे मदतीला येता येता शिक्षक झालेले पालक. चौथ्या वाटेबद्दल फार लिहीत नाही. त्यातून अतिशय चांगले शिक्षकही निघतात आणि नुसते उत्साहीही. वर्गात बसल्याशिवाय फरक कळत नाही.

पालकांना भुरळ पडते ती तिसऱ्या वाटेची. ‘आमच्याकडे विज्ञान प्रत्यक्ष संशोधन केलेली व्यक्ती शिकवते’ हे ऐकून कोण खूश होणार नाही? पण ली शुलमन या शिक्षणतज्ज्ञानं १९८६मध्ये एक फरक नेमका मांडला. विषय येणं वेगळं, वर्ग सांभाळता येणं वेगळं, आणि या दोन्हींच्या मध्ये तिसरंच एक ज्ञान असतं. हा विषय शिकताना मुलं नेमकी कुठं अडखळतात आणि तेव्हा कुठलं उदाहरण पुढं करायचं, हे ठाऊक असणं. ते विषयाच्या पदवीतून आपोआप येत नाही आणि शिक्षणशास्त्राच्या पदवीतूनही नाही.

लिपिंग मा यांचा १९९९मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच अंकांत दाखवतो. त्यांनी २३ अमेरिकी आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांना एक गणित घातलं, पावणेदोन भागिले अर्धा. अमेरिकेतल्या २१ जणांनी ते सोडवून पाहिलं, पूर्ण बरोबर उत्तर ९ जणांचं आलं. चिनी शिक्षक सगळेच्या सगळे बरोबर. मग याच गणितावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा म्हटल्यावर अमेरिकी गटात फक्त एकाला जमलं, चिनी गटात ९० टक्क्यांना. अनेकांनी ‘अर्ध्यानं भागणं’ आणि ‘अर्धं करणं’ यांत गल्लत केली. गंमत म्हणजे चिनी शिक्षकांचं औपचारिक शिक्षण अमेरिकी पदवीधरांपेक्षा वर्षांच्या हिशोबात कमी होतं.

शाळेच्या भेटीत मी हाच प्रश्न विचारायला सुचवेन, जरा सभ्यपणे. ‘मुलांना हे कसं समजावता?’ पावणेदोन मीटर फितीचे अर्ध्या मीटरचे तुकडे किती, साडेतीन, असं काही लगेच सुचणारी व्यक्ती आणि ‘खालचा अपूर्णांक उलटा करून गुणायचं’ एवढंच सांगणारी व्यक्ती, या दोघांच्या प्रमाणपत्रांवरचे शिक्के सारखेच असू शकतात.

पद्धतीचं प्रशिक्षण म्हणजे किती?

इथं सावध राहायला हवं. ‘मॉंटेसरी’ हा शब्द कुणाच्या मालकीचा नाही. अमेरिकेत तर १९६७मध्ये व्यापारचिन्हांच्या मंडळानं तो सर्वसामान्य वर्णनाचा शब्द ठरवला. त्यामुळे वर्षभराचं, शेकडो तासांच्या निरीक्षणाचं आणि सरावाचं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती आणि काही दिवसांचं शिबिर केलेली व्यक्ती, दोघींच्या नावापुढे तोच शब्द येतो. शिवाय ही प्रशिक्षणं वयोगटाप्रमाणे वेगळी असतात. तीन ते सहा वयाची पदविका घेतलेल्या व्यक्तीची सहा ते बारा वयोगटासाठी तयारी झालेली नसते. छोट्या शाळेत माणसं कमी, म्हणून ही सरमिसळ हमखास होते. रेज्जो एमिलिया या इटलीतल्या शहरातल्या बालशाळांच्या पद्धतीचं तर आणखी सैल. तिथली माणसं आपल्या कामाला साचा म्हणवून घेत नाहीत, म्हणून बाहेरची प्रत्येक शाळा फार तर ‘प्रेरित’ असते. कशानं प्रेरित, ते विचारायचं.

एकच चूक, पाच शिक्षक

तत्त्वज्ञान ऐकायला सगळ्यांचं गोड लागतं, ‘मूल केंद्रस्थानी’ प्रत्येकाकडे असतं. फरक कळतो तो मूल चुकतं त्या क्षणी.

मारिया मॉंटेसरी १८९६मध्ये वैद्यकीय पदवी घेतलेल्या डॉक्टर. रोममध्ये १९०७ साली पहिली बालशाळा सुरू करण्याआधी त्यांनी बौद्धिकदृष्ट्या मागं राहिलेल्या मुलांबरोबर काम केलं होतं. डॉक्टर आधी बघतो, मग हात लावतो, तो स्वभाव पद्धतीत उतरला आहे. वेगवेगळ्या मापांचे लाकडी दट्टे आपापल्या खाचेत बसवायचे असतात; एक दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक उरतो आणि मुलाला स्वतःच कळतं. चूक साधनानं दाखवायची, शिक्षकानं हात मागं बांधून बसायचं. ज्याला मधे बोलल्याशिवाय राहवत नाही, त्यानं हे काम धरू नये.

वॉल्डॉर्फची सुरुवात १९१९ची, श्टुटगार्टमधल्या सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. रुडॉल्फ श्टायनर यांच्या तत्त्वज्ञानावर उभी. इथं शिक्षक गोष्ट सांगतो, चित्र काढतो, एकच विषय सलग तीन-चार आठवडे चालतो आणि मुलं स्वतःच आपलं पुस्तक लिहितात. चुकीचा बोभाटा होत नाही, ती हळूहळू निवळेल यावर भरवसा असतो. शिक्षकाचा अधिकार मात्र मोठा, आणि तो प्रेमळ असला तरी अधिकारच. श्टायनर यांच्या आध्यात्मिक विचारांशी शिक्षक स्वतः किती बांधलेला आहे, हे आडपडदा न ठेवता विचारावं. चांगल्या शाळा सरळ उत्तर देतात.

रेज्जो एमिलियात लोरिस मालागुत्सी यांनी वर्गात दोन शिक्षक आणि शाळेत एक कलाकार ठेवला. मूल चुकलं की ते लिहून घेतलं जातं, फोटो काढला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढं ठेवला जातो. तुला असं का वाटलं? उत्तम रीत, पण वेळ खाते. एकटा शिक्षक वीस मुलांत हे करतो म्हणत असेल, तर नोंदींच्या वह्या बघायला मागा.

मग पूर्ण स्वातंत्र्याच्या शाळा. समरहिल ही ए. एस. नील यांची १९२१ची शाळा, सडबरी व्हॅली १९६८ची. तिथं तासाला बसणंच ऐच्छिक, त्यामुळे मुलानं विचारेपर्यंत चूक ही चूकच नाही. सडबरीत तर शिक्षकांना पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, यावर मुलांचंही मत पडतं.

आणि दुसऱ्या टोकाला झीगफ्रीड एंगलमन. हा माणूस जाहिरातीच्या धंद्यातून शिक्षणात आला. त्यांच्या थेट अध्यापनात शिक्षकाची वाक्यंसुद्धा आधी ठरलेली असतात आणि चूक त्याच क्षणी दुरुस्त होते. स्वतंत्र शाळांच्या वर्तुळात याचं नाव काढलं की नाकं मुरडली जातात. मला ते अन्यायाचं वाटतं. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी २००६मध्ये मांडलेला मुद्दा टाळता येत नाही. ज्याला विषय नवा आहे, त्याला मोकळं सोडून ‘शोध’ म्हटलं तर त्याची बरीचशी शक्ती चाचपडण्यातच जाते. सोडवलेली उदाहरणं आधी दाखवलेली बरी. विषयात मुरलेल्याला मात्र तीच उदाहरणं अडथळा होतात. म्हणून प्रकल्पांवर चालणाऱ्या शाळेत मी एवढंच बघेन, की प्रकल्पाआधी कुणी बसून शिकवतं का.

निवडताना

दोन-तीन वर्षांत घर किंवा शाळा बदलण्याची शक्यता असेल, तर वॉल्डॉर्फचा धोका खरा आहे. तिथं औपचारिक वाचन साधारण सातव्या वर्षी सुरू होतं, मॉंटेसरीत खरखरीत अक्षरांवर बोट फिरवणं त्याच्या कितीतरी आधी. मधेच बाहेर पडलेलं मूल नव्या वर्गात मागं दिसतं, त्याची काही चूक नसताना. तिथंच आठवीपर्यंत राहणार असेल, तर ही काळजी बरीच कमी होते, पण मग आठ वर्षांच्या त्या एका माणसाला नीट भेटून घ्या. एकट्यानं रमणाऱ्या मुलाला मॉंटेसरी बहुधा मानवते. वाचनात अडकलेल्या मुलासाठी मी तत्त्वज्ञान बघणार नाही, अक्षरं आणि ध्वनी पायरीपायरीनं शिकवणारी व्यक्ती जिथं असेल तिथं जाईन. पूर्ण स्वातंत्र्याच्या शाळेसाठी मुलापेक्षा पालकांचीच तयारी जास्त लागते.

सगळे शिक्षक एकाच वाटेचे असलेली शाळा मला जरा कमी भरवशाची वाटते. पद्धतीतलं एक, विषयातलं एक, वर्गाचा जुना अनुभव असलेलं एक, अशी माणसं चहाच्या वेळी भांडत असतील तर उत्तम.

भेटीत दोन प्रश्न राहू देऊ नका. गेल्या वर्षी शिकवण्यातलं काय बदललंत, आणि का? इथं ‘आमची पद्धत परिपूर्ण आहे’ असं उत्तर आलं तर चप्पल घालायला हरकत नाही. दुसरा प्रश्न मुख्याध्यापकांना. हे शिक्षक डिसेंबरात सोडून गेले, तर जानेवारीत या वर्गापुढं कोण उभं राहील? पाच जणांच्या शाळेत त्या व्यक्तीचं नाव आत्ताच सांगता यायला हवं.