१४२ ट्रेसिंग, चार खेपा आणि नारायण पेठेतलं दुकान

१९८७ साली पुण्यात कोथरूडला मी आर्किटेक्ट म्हणून एका सोसायटीची इमारत केली होती, तळमजला अधिक तीन मजले. तिला आता तिशी उलटून गेलीये, स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी करायचीय आणि कॉलम (खांब) कुठे आहेत हे दाखवणारा नकाशा कुणाकडेच नाही. सेक्रेटरींनी कपाटातून जपून ठेवलेली घडी काढली. ती अमोनिया प्रिंट होती आणि तिच्यावर पिवळट डागांखेरीज फारसं काही उरलं नव्हतं. या प्रिंटचं असंच होतं. मूळ नकाशा आम्ही ट्रेसिंगवर, म्हणजे अर्धपारदर्शक कागदावर शाईनं काढायचो. प्रत काढताना त्याच्याखाली ठेवायच्या कागदाला रसायनाचा लेप असतो. दिव्याखाली धरला की उजेड लागतो तिथलं रसायन मरतं, शाईच्या रेघेखालचं टिकतं आणि अमोनियाच्या वाफेवर निळं होतं. पण पुढेही ऊन लागेल तसतसं ते उडत राहतं.

मूळ ट्रेसिंग माझ्या ऑफिसच्या माळ्यावर पत्र्याच्या नळ्यात होतं. उलगडलं, तर रॉट्रिंगच्या ०.६ च्या पेननं ओढलेली भिंत काल काढल्यासारखी काळी. मग ठरवलं, एकच कशाला, १९८४ ते १९९० मधली सगळीच स्कॅन करून घेऊ. मोजली तर १४२ निघाली.

त्यासाठी नारायण पेठेतल्या, नकाशांच्या प्रती काढून देणाऱ्या दुकानात गेले. दुकान माझ्या ओळखीचं. पूर्वी इथे अमोनियाचं मशीन होतं, दारातच डोळे चुरचुरायचे. बाहेरच्या बाकावर बसून आम्ही महापालिकेला द्यायच्या नकाशांच्या प्रती रंगवायचो. प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं, ड्रेनेज लाल तुटक रेघेनं. सहा प्रती असल्या की सहा वेळा तेच. तेव्हाच्या मालकांचा मुलगा आता दुकान बघतो. मशीन कधीच गेलं, त्या जागी मोठे नकाशे छापणारा प्लॉटर आणि ३६ इंची स्कॅनर आहे.

त्यानं कागद कसा हाताळला, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे. मी पावसाळ्यात रोल घेऊन गेले होते. "मॅडम, आज नाही करत. दोन दिवस सपाट राहू देत," म्हणाला आणि शीट प्लायवुडच्या फळीखाली ठेवून दिली. चिकटपट्टीनं जोडलेली जुनी ट्रेसिंग त्यानं वेगळी काढली. पट्टीचा डिंक पिवळा होऊन पाझरतो, तो रोलरला लागला तर मागून येणाऱ्या प्रत्येक शीटवर उमटतो. अशी शीट त्यानं पारदर्शक फिल्मच्या पाकिटात घालून एकेक करून आत सोडली.

पहिल्या खेपेत मात्र चूक झाली. ३८ शीट त्यानं काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केली. रेघा स्वच्छ आल्या, फाइलही हलकी, पण पेन्सिलीच्या नोंदी पार गायब. कोथरूडच्या तळमजल्याच्या शीटवर आमच्या ड्राफ्ट्समन काकांच्या अक्षरात एक ओळ होती, "सी-७ कॉलम साइटवर ९ इंच पूर्वेला घेतला." शाईनं काढलेला कॉलम जुन्या जागी आणि खरा कॉलम त्या ओळीत! काका आज हयात नाहीत. अर्ध्या मोडलेल्या ब्लेडनं शाई खरवडायची आणि जागा नखानं घासून गुळगुळीत करायची, म्हणजे वरची नवी रेघ फुटत नाही, हे मला त्यांनी शिकवलं. ती ओळ पडद्यावर दिसेना तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. मुलाला शीट दाखवली. त्यानं वाद घातला नाही, सगळी ३८ शीट करड्या छटांमध्ये ४०० डीपीआयला पुन्हा केली आणि जादा पैसे घेतले नाहीत. ऑडिट करणाऱ्या इंजिनिअरला मी आधी ती ओळ दाखवली, नकाशा नंतर.

तुम्ही करून घेणार असाल तर करड्या छटा मागा आणि "फिट टू पेज" (कागदात बसवायला आकार लहानमोठा करणं) करू नका असं बजावून सांगा. तरी मापात फरक येतो, त्याला स्कॅनरवाल्याचा इलाज नाही. १:१०० च्या प्रमाणात २० मीटरची भिंत कागदावर २०० मिलिमीटर यायला हवी. माझ्या एका शीटवर आडवी २०१ आली, उभी जेमतेम २००. दमटपणानं कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो. त्यामुळे ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये गिरवण्यासाठी स्कॅन खाली ठेवताना दोन्ही दिशांना वेगळी स्केल लावा आणि लिहिलेलं माप धरा, मोजलेलं नको.

१९९३ मध्ये आम्ही कॉम्प्युटर घेतला, ऑटोकॅड रिलीज १२. काही वर्षांतच ड्रॉइंग बोर्डावर हातानं नकाशे काढणं थांबलं. त्या काळातल्या ११ कामांच्या फ्लॉपीही मी सोबत नेल्या होत्या, त्याच्याकडे यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह आहे म्हणून. चारच वाचता आल्या. त्यांतल्या फायली आजच्या ऑटोकॅडमध्ये बिनतक्रार उघडल्या, पण बाकी चकत्यांवर बुरशी होती. हातानं काढलेलं १९८७ चं काम माझ्याकडे पूर्ण आहे आणि १९९६ च्या सात इमारती गेल्या. त्या परत काढायच्या तर जागेवर जाऊन टेप धरावी लागेल. याचं मला फार वाईट वाटतं. ऑफिसातली मुलं आता रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. काम संपलं की मी त्यांच्याकडून प्रत्येक शीटची पीडीएफ आणि चांगल्या कागदावर एक प्रिंट घेतेच.

दर मला ए-वन आकाराच्या शीटला ९० रुपये पडला, फिल्ममधल्या नाजूक शीटला थोडा जास्त. फायलींची नावं नुसते आकडे असतात, कामाचं नाव आणि साल हवं असेल तर यादी आधी लिहून द्या. गाडी लावायला जागा नाही, रिक्षानं जा. १४२ शीटना चार खेपा आणि साधारण तीन आठवडे लागले, घाईच्या कामाला हे दुकान धरू नका.

रोल वर्तमानपत्रात गुंडाळून नेऊ नका, त्याची शाई ट्रेसिंगला लागते. जुनं धुतलेलं सुती कापड घ्या.