एर्टिगाला लिफ्ट किट बसवून आठ महिने झाले, काय जमलं अन् काय नाही

मागच्या येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात जाताना गाडीचं इंजिनखालचं तेलाचं चेंबर फुटलं, तेव्हाच ठरवलं होतं की गाडी उचलायची. आमची २०१६ ची डिझेल एर्टिगा, घरची माणसं सात, डिकीत आंबिलीचं मडकं, भज्जीचं पातेलं, चटया, असं सगळं भरून लातूरहून औसा तालुक्यातल्या आमच्या गावाकडं निघालो. डांबर संपलं की पुढं दीड किलोमीटर पाणंद आहे, काळी माती, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडून वाळलेल्या अन् मधला उंचवटा दगडासारखा कडक. ठक्क आवाज आला, खाली उतरून बघतो तर मातीवर तेलाची काळी रेघ. मडकं उतरवून बाया अन् लेकरं चालत शेतात गेली, मी आणि भाऊ टोईंगवाल्याची वाट बघत गाडीपाशी बसलो. भाऊजींनी डब्यात भज्जी आणून दिली, तिथंच बांधावर खाल्ली.

कंपनीच्या कागदावर या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, १८५ मिमी आहे, पण तो रिकाम्या गाडीचा. घरच्या सगळ्यांना बसवून मी टेपनं मोजलं, मागच्या चाकावरचा पत्रा साडेपाच सेंटीमीटर खाली आला. त्यात व्हीलबेस, म्हणजे पुढच्या अन् मागच्या चाकांमधलं अंतर, २७४० मिमी, म्हणजे पुढचं चाक ब्रेकर उतरून गेलं तरी मागचं अजून चढलेलं नसतं अन् मधलं पोट घासतं. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, तसल्या ब्रेकरवर आमची गाडी कधीच घासली नाही. पण गावोगावी लोक मुरूम टाकून अरुंद अन् उंच आडवा बांधच घालतात, तिथं प्रत्येक वेळी आई मागून म्हणायची, "हळू रे, हळू."

तर किट. ऑनलाइन मागवलं, पुढं २५ मिमी, मागं २५ मिमी, साडेसहा हजाराला पडलं. आधी एक सांगतो कारण बरेच जण घोळ करतात, स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये जे रबरी बफर अडकवतात ते हे नव्हे. ते बफर स्प्रिंग कडक करतात, लोड असताना गाडी कमी दबते एवढंच. लिफ्ट किट म्हणजे पुढं शॉकअपच्या वरच्या माउंट आणि बॉडीच्या मध्ये बसणारी जाड चकती, आणि मागं स्प्रिंगच्या बैठकीत बसणारी पॉलीयुरेथेनची रिंग. माल चांगलाय, पुढच्या चकत्या ॲल्युमिनियमच्या, कडा साफ मशीन केलेल्या, आठ महिन्यांत ना तडा ना गंज. पण खोक्यात बसवायची माहिती देणारा एक साधा कागद नाही, आणि पुढचे बोल्ट लांबीला इतके कमी की नट पूर्ण बसेना, दुकानात जाऊन वेगळे आणावे लागले. विकणाऱ्याला तीन मेसेज केले, एकाचंही उत्तर नाही. सस्पेन्शनच्या मालात बोल्ट आखूड देणं ही बारकी चूक नाही, ह्यात लेकरं बसतात.

खरी गोष्ट बसवण्याची आहे. पहिलं गॅरेज मी जवळचं बघितलं, तिथं चार तासांत काम झालं अन् पोरगा म्हणाला, "झालं दादा, न्या." गाडी उंच दिसायली होती, मी पण खूष. दोन दिवसांत मागून खड्ड्यात गेलं की कट्ट कट्ट आवाज, आणि दीड हजार किलोमीटरनंतर पुढच्या दोन्ही टायरची आतली कड हाताला धारदार लागायला लागली, बाहेरून टायर नव्यासारखा अन् आतून पार खाल्लेला. मी हात फिरवला नसता तर कळलंच नसतं.

मग मेव्हण्यानं एका जुन्या मिस्त्रींकडं पाठवलं. त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली, काही न बोलता पंधरा मिनिटं बॅटरी मारून खालून बघितलं. मागच्या शॉकअपचे खालचे बोल्ट गाडी लटकलेली असतानाच आवळलेले होते. त्या बोल्टभोवतीच्या बुशचं (रबरी नळकांड्याचं) रबर ज्या अवस्थेत आवळलं त्याच अवस्थेत पकडून राहतं, मग गाडी खाली चाकावर उभी केली की रबर कायम पिळलेलं, म्हणून आवाज अन् म्हणून ते लवकर फाटतं. त्यांनी बोल्ट सैल केले, चाकं जमिनीवर टेकवली, गाडी दोनदा दाबून हलवली आणि मग आवळले. आवाज जागेवर बंद. टायरचं कारण म्हणजे अलाइनमेंट केलीच नव्हती. पुढून उचललं की चाक धरणारा लोअर आर्म अन् स्टेअरिंगचा टाय रॉड यांचा कोन बदलतो, टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) बिघडतो, अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी गॅरेजच्या बाहेरच काढायची नसते. मागं मात्र दोन्ही चाकांना जोडणारा टॉर्शन बीम (आडवा दांडा) आहे, तिथं ॲडजस्टमेंट काही नसते.

आणि मग त्यांनी जे विचारलं ते मला आधी कोणीच विचारलं नव्हतं. "स्प्रिंगा कधी बदलल्या?" गाडी १ लाख ४० हजार चाललेली, स्प्रिंगा मूळच्याच. रिंगा काढून त्यांनी जुन्या स्प्रिंगा नव्या ओरिजनलच्या शेजारी उभ्या केल्या, फरक डोळ्यांनी दिसायला होता, अन् दोन्ही जुन्या एकमेकींच्या बरोबरीच्या पण नव्हत्या. नुसत्या नव्या स्प्रिंगा टाकल्या तर मागून १४ मिमी वर आली. म्हणजे मी ज्याला कमी उंची समजत होतो त्यातला बराच भाग बसलेल्या स्प्रिंगांचा होता! ज्याची गाडी लाखाच्या पुढं गेलीय त्यानं किट मागवायच्या आधी हे बघा, लई पैसा अन् डोकेदुखी वाचते. आता मागं २५ ची रिंग नको म्हणून त्यांनी १५ ची टाकली, नाहीतर रिकामी गाडी पुढं झुकल्यासारखी दिसली असती आणि हेडलाइट अगदी नाकासमोर पडला असता. ब्रेकचा होज (तेलाची रबरी नळी) अन् एबीएसची वायर पण चाक पूर्ण लटकवून, स्टेअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवून बघितली, कुठं ताण नाही. हे पहिल्या ठिकाणी कोणी केलं नव्हतं.

आता आठ महिन्यांत नऊ हजार किलोमीटर झालेत, पावसाळाही निघाला. पाणंदीत चेंबर एकदाही टेकलं नाही, सात माणसं असताना सुद्धा. गावातल्या त्या मुरमाच्या बांधावर तिरपं न घेता सरळ जाता येतं. मागचा बीम मात्र चाकांनाच जोडलेला असतो, तो बॉडीबरोबर तेवढा उचलला जात नाही, त्यामुळं चिखलात मध्ये मोठा दगड असेल तर अजूनही बघूनच जावं लागतं. खालचा बीम वर घ्यायचा तर टायरच मोठा लागतो, आणि १८५/६५ आर १५ च्या जागी १९५/६५ टाकला तरी जेमतेम साडेसहा मिमी मिळतात, वर स्पीडोमीटर दोन टक्के कमी दाखवतो. मी टायर मूळ मापाचेच ठेवले.

सोलापूरला जाताना तुळजापूरचा घाट उतरताना फरक जाणवला, गाडी वळणावर पहिल्यापेक्षा जास्त कलते, मागं बसलेल्यांना आधी कळतं. आता मी वळणात दहाएक किलोमीटरनं कमीच ठेवतो. पुढून ड्राइव्ह असल्यामुळं ॲक्सलच्या जॉइंटला कोन वाढलाय, म्हणून दर सर्व्हिसला ॲक्सलच्या रबरी बुटाला चीर आहे का ते बघायला सांगतो, आणि स्टेअरिंग पूर्ण फिरवलेलं असताना जोरात ॲक्सिलरेटर दाबत नाही. मायलेजमध्ये फरक म्हणण्यासारखा नाही. मागचे शॉकअप मूळ लांबीचेच आहेत, त्यामुळं चाक खाली लटकायला जागा कमी झालीय, मोठ्या खड्ड्यात चाक खाली पडताना कधी कधी कोरडा ठोका बसतो. २५ च्या वर ज्यांनी टाकलंय त्यांच्याकडं हा ठोका लई आहे, एकाच्या गाडीत स्वतः बसून बघितलंय. ४० मिमीचं किट फॅमिलीच्या गाडीला मी तरी कोणाला सांगणार नाही.

कायद्याचं पण वाचून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतली माहिती कंपनीनं ठरवलेल्या माहितीपेक्षा वेगळी पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे कलम कडकपणे लावलं. मी म्हणून कमी उंचीचंच घेतलं, जुन्या स्प्रिंगा अन् बोल्ट पिशवीत बांधून ठेवलेत, आणि इन्शुरन्सवाल्याला आधी कळवलं. नव्या, वॉरंटीतल्या गाडीला असल्या कामाला हात लावू नका.

खर्च सांगतो. किट साडेसहा, पहिल्या गॅरेजची मजुरी अडीच, मागच्या नव्या स्प्रिंगा, रिंग, मिस्त्रींची मजुरी अन् अलाइनमेंट मिळून सात, शिवाय दोन टायर. किटला पाचपैकी साडेतीन, बोल्टसाठी अर्धा गुण कापला अन् माहितीचा कागद न दिल्याबद्दल एक. मिस्त्रींना पाच.

राहिली आई. तिचे गुडघे दुखतात, अडीच सेंटीमीटर म्हणजे आपल्याला काहीच नाही, पण पहिल्याच दिवशी मधल्या सीटवर चढताना तिचा पाय अडला अन् ती माझ्याकडं बघत राहिली. देवघराबाहेरचा जुना लाकडी पाट आता डिकीत असतो, तिसऱ्या सीटच्या मागं उभा बसतो बरोबर. दार उघडलं की धाकटी आधी पाट ठेवते, मग आजीचा हात धरते.