खानापूर, हलशी, कित्तूर : बेळगावहून एका दिवसाची फेरी

बेळगावातून सुट्टीला निघालेली गाडी बहुतेक गोव्याकडे नाहीतर आंबोलीकडे जाते. त्याऐवजी खानापूर, नंदगड, हलशी, कित्तूर आणि देगाव अशी फेरी करावी. महामार्गाने परत आलात तर एकूण १३० किलोमीटरच्या आसपास होतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात खानापूर भागात दिवसदिवस पाऊस उघडत नाही आणि देवळांची दगडी फरसबंदी शेवाळून निसरडी होते.

खानापुरात तासभर पुरे. इथली मातीची भांडी नामांकित आहेत. मडकं बोटाने वाजवून घ्यावं: खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. परतीची वाट वेगळी असल्यामुळे खरेदी सकाळीच उरकावी लागते, म्हणून डिकीत जुनी गोधडी आणि थोडं गवत ठेवा. पेट्रोल आणि नाश्ताही इथेच. पुढे हलशीत पोटभर जेवण मिळेलच असं नाही, डबा सोबत असलेला बरा.

नंदगड वाटेतच आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा सेनानी संगोळ्ळी रायण्णा याला १८३१ साली इंग्रजांनी इथे फाशी दिली. समाधीपाशी थोडं थांबून पुढे निघावं.

खरा वेळ हलशीला द्या, किमान दोन तास. कदंब राजघराण्याच्या काळी ही पलाशिका, त्यांची दुसरी राजधानी. बाराव्या शतकातल्या भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, त्यामुळे मधल्या मंडपात उभं राहिलं की दोन्हीकडे देव दिसतो. अशी रचना सहसा पाहायला मिळत नाही. आत अंधार असतो, बॅटरी न्याच. मोबाइलच्या उजेडात वराहाचं कोरीव काम नीट कळत नाही. शिखर बाहेरून, जरा लांबून पाहा: पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारी ही कदंब धाटणी आहे. बरेच लोक हे एकच देऊळ पाहून गाडीत बसतात. गावातली सुवर्णेश्वर, कल्मेश्वर ही देवळं आणि जुनी जैन बस्ती (जैन मंदिर) राहून जाते. गावकऱ्यांना मराठीत विचारा, हौसेने वाट दाखवतात.

हलशीहून कित्तूर सुमारे २५ किलोमीटर. मॅप कधी कधी शेतातली जवळची वाट दाखवतो. ती टाळून डांबरी रस्त्यानेच जावं. इंग्रजांशी लढलेल्या राणी चन्नम्मांचा किल्ला म्हणून रायगडासारखं काही मनात धरून गेलात तर निराश व्हाल, कारण वाड्याच्या पडक्या भिंतीच उरल्या आहेत. पण न्हाणीघरातली पाण्याची सोय आणि ध्रुवतारा पाहण्यासाठी म्हणून दाखवतात ते भिंतीतलं भोक बघण्यासारखं आहे. १८२४ साली याच किल्ल्यापुढे राणीच्या सैन्याशी लढताना इंग्रज कलेक्टर थॅकरे मारला गेला. वस्तुसंग्रहालय सरकारी वेळेत चालतं, म्हणून दुपारी चारच्या आत पोहोचा.

कित्तूरपासून पाच-सहा किलोमीटरवर देगावचं कमलनारायण मंदिर आहे. तीन गाभारे एका ओळीत, पुढे लांब मंडप. कदंब राणी कमलादेवीने बांधवलेलं हे देऊळ नक्षीत हलशीपेक्षा सरस आहे. उजेड असतानाच पाहा. उसाच्या हंगामात दिवे नसलेल्या ट्रॉल्या आतल्या रस्त्यांवर असतात, म्हणून अंधार पडण्याआधी महामार्गाला लागा. बेळगाव तिथून ५० किलोमीटर. वाटेत हिरेबागेवाडीचा टोलनाका लागतो, फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना हे निघण्यापूर्वीच पाहून घ्या.