‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ : दहा महिने ऐकल्यानंतर

८ मार्च २०२४ ला ज्युडास प्रीस्ट या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ हा अल्बम आला आणि पहिल्या आठवड्यातच मी तो दहा-बारा वेळा ऐकून काढला. मित्र विचारायला लागले, कसा आहे? म्हटलं, थांबा. या बँडबद्दलचं माझं पहिल्या आठवड्यातलं मत पुढे टिकत नाही, हे मला माहीत आहे. २०१८ चा ‘फायरपॉवर’ आधी नुसता बरा वाटला होता आणि वर्षभरानं त्याच्याशिवाय करमेना. म्हणून या वेळी दहा महिने जाऊ दिले.

ऐकलं कशावर ते आधी सांगतो, कारण या अल्बमच्या बाबतीत त्यानं फार फरक पडतो. सुरुवातीचे दोन-तीन महिने कामावर जाता-येता, इअरफोनवर. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत आहे, फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल साफ करण्याच्या बाजूला. मग गाडीत, पुण्याला जाता-येता. आणि जूनमध्ये सीडी हातात आल्यापासून घरी, जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकरांवर.

इअरफोनवर पहिली कुरकुर सुरू झाली ती साउंडबद्दलच. सगळं इतकं घट्ट आणि इतकं अंगावर येणारं, की सहा-सात गाण्यांनंतर कान शिणायचे. निर्माता अँडी स्नीप. तो स्वतः गिटारवादक आहे आणि २०१८ पासून दौऱ्यांवर बँडचा जुना गिटारवादक ग्लेन टिप्टनच्या जागी उभा राहतो. त्याचं काम कानाला लगेच ओळखू येतं : किक ड्रमचा प्रत्येक ठोका सुटा, डाव्या-उजव्या बाजूला गिटारींच्या दोन भिंती, मधे हवा फार थोडी. आमच्याकडे साच्यातून निघालेल्या कास्टिंगला वाळू चिकटलेली असते, कडेला जास्तीची धार आलेली असते. ग्राइंडर फिरवून ती साफ केल्याशिवाय माल पुढे जात नाही. हा अल्बम मला तसा वाटला, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत घासून काढलेला. आणि मला थोडी वाळू हवी होती.

ती वाळू कुठली, तर याच बँडच्या १९८० च्या ‘ब्रिटिश स्टील’मधली. निर्माता टॉम अ‍ॅलमनं तो अल्बम टिटनहर्स्ट पार्क नावाच्या एका मोठ्या घरात रेकॉर्ड केला होता. घर तेव्हा बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टारचं होतं. तयार आवाज साठवून हवे तिथे टाकायची सोय त्यांच्याकडे नव्हती, म्हणून ‘मेटल गॉड्स’मध्ये यंत्रमानव चालत येतात त्या पावलांसाठी त्यांनी काट्या-चमच्यांचा ट्रे खडखडवला आणि ‘ब्रेकिंग द लॉ’मधल्या फुटण्याच्या आवाजासाठी खरोखरच्या दुधाच्या बाटल्या फोडल्या. तो अल्बम लावला की गिटार थांबते त्या क्षणी खोली ऐकू येते. नव्या अल्बममध्ये खोली नाही. मे महिन्यापर्यंत माझं मत हेच होतं, आणि ते इथं लिहून टाकलं असतं तर चुकलं असतं.

जूनमधल्या एका रात्री घरात सगळे झोपलेले, म्हणून आवाज अगदी कमी ठेवून सीडी लावली. आणि अल्बम उघडला. आजच्या बहुतेक मेटल रेकॉर्डिंगमध्ये हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर दाबून कमी केलेलं असतं. त्यामुळे आवाज वाढवून हाती नवीन काही लागत नाही, कान तेवढे थकतात. पण तेच उलट्या बाजूनं बघा : आवाज कमी केला तरी काही हरवत नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा इयन हिलचा बेस नीट ऐकू आला. सुरुवातीच्या दिवसांपासून आजपर्यंत सलग या बँडमध्ये असलेला तो एकटाच. तो कधी पुढे येत नाही, रिफच्या, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्याच्या खाली दगडी पायासारखा बसून राहतो. इअरफोनवर त्या दोन भिंतींखाली तो मला सापडतच नव्हता. तेव्हापासून घरी मी हा अल्बम पूर्वीच्या निम्म्या आवाजावर ऐकतो आणि अकराच्या अकरा गाणी न थकता पार होतात.

आता गाणी. ‘पॅनिक अटॅक’ची सुरुवात सिंथ गिटारच्या (सिंथेसायझरला जोडलेल्या गिटारच्या) चढत जाणाऱ्या सुरांनी होते आणि बँडचा १९८६ चा, याच गिटारचा ‘टर्बो’ ज्यांनी ऐकलाय त्यांच्या चेहऱ्यावर लगेच हसू येतं. मग स्कॉट ट्रॅव्हिसचे ड्रम कोसळतात. ‘द सर्पंट अँड द किंग’मध्ये गायक रॉब हॅल्फर्ड जवळजवळ पूर्ण गाणंभर टिपेच्या सुरात आहे. शीर्षकगीत सहा मिनिटांच्या वर जातं, आणि त्यातली मधली गिटारींची जुगलबंदी सावकाश ऐकण्यासारखी आहे : एक प्रश्न टाकते, दुसरी तो उचलते, आणि मग दोघी एकाच तानेवर येऊन भिडतात. पहिले दोन महिने मी या तीन गाण्यांवरच फिदा होतो.

पण दहा महिन्यांत क्रम उलटला. वेगवान गाणी अजूनही आवडतात, मात्र ती पहिल्यांदा जेवढी दिली तेवढीच आजही देतात. ‘अ‍ॅज गॉड इज माय विटनेस’ तर मी आता बऱ्याचदा वगळून पुढे जातो. धावतं खूप, पण त्यातला कोरस मनात राहत नाही. उलट मधल्या लयीची गाणी महिन्यागणिक वाढत गेली. ‘गेट्स ऑफ हेल’, ‘डेव्हिल इन डिस्गाइज’, आणि सगळ्यांत जास्त ‘क्राउन ऑफ हॉर्न्स’. हे गाणं जानेवारीतच आलं होतं, तेव्हा मला ते गुळमुळीत वाटलं होतं. आज विचाराल तर अल्बममधलं सर्वोत्तम गाणं हेच. लय संथ आहे, म्हणून रिफला श्वास घ्यायला जागा मिळते. स्नीपच्या त्या घट्ट मिक्सिंगमध्ये जी हवा मी शोधत होतो, ती इथं चालीतच आहे. आणि सोलो असा, की गुणगुणता येतो.

‘एस्केप फ्रॉम रिअ‍ॅलिटी’ वेगळं पडतं. जड, ओढत चालणारं, बर्मिंगहॅमच्या मातीतलं. या भागाशी माझं एक नातं जुळलंय ते सांगतो. बँड मूळचा बर्मिंगहॅमला लागून असलेल्या वेस्ट ब्रॉमविचचा आणि हॅल्फर्ड वाढला शेजारच्या वॉलसॉलमध्ये. भट्ट्या, ओतकाम, लोखंडाचा धूर यांचा तो सगळा पट्टा. आपल्या संगीताला तिथल्या कारखान्यांचा वास आहे, असं तो वर्षानुवर्षं सांगत आलाय. दिवसभर ग्राइंडरच्या ठिणग्यांत उभा राहून संध्याकाळी मी हे गाणं लावतो तेव्हा मला ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

हॅल्फर्डच्या आवाजाबद्दल थोडं सविस्तर. अल्बम आला तेव्हा तो ७२ वर्षांचा होता. स्टुडिओत हवं ते करता येतं, असं म्हणणारे लोक आहेत. मी ते मानत नाही, कारण इथं कौतुक नुसत्या वर चढण्याचं नाही. मधल्या पट्टीत त्याच्या आवाजाला आता जी खरखर आलीय, ती १९७० किंवा ८० च्या दशकात नव्हती. ‘क्राउन ऑफ हॉर्न्स’च्या पहिल्या कडव्यात तो एकही किंकाळी मारत नाही, शब्द नीट ठेवत जातो, आणि त्या ठेवण्यात पन्नास वर्षांचा दमसास दिसतो. मला तरुण हॅल्फर्ड प्रिय आहे. पण हे कडवं तरुण हॅल्फर्डला असं गाता आलं नसतं.

गिटारींविषयी बोलताना हे विसरता येत नाही, की टिप्टनला पार्किन्सन्स आहे. २०१८ मध्ये त्यानं ते जाहीर केलं आणि पूर्ण दौरे थांबवले. तरी या अल्बमच्या गीतरचनेत हॅल्फर्ड आणि दुसरा गिटारवादक रिची फॉकनर यांच्यासोबत त्याचं नाव आहे. आणि फॉकनर? सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत लुइव्हिलच्या महोत्सवात, ‘पेनकिलर’ वाजवत असताना, स्टेजवरच त्याची महाधमनी फाटली. त्यानं गाणं पूर्ण केलं. मग दहा तासांहून जास्त चाललेली शस्त्रक्रिया. हे माहीत असताना शीर्षकगीतातली ती जुगलबंदी ऐकणं वेगळं असतं. दया म्हणून म्हणत नाही. त्या वादनात दयेला वावच नाही.

अल्बम संपतो ‘जायंट्स इन द स्काय’नं. रॉनी जेम्स डिओ आणि लेमी, हेवी मेटलचे दोन मोठे गायक, दोघंही गेलेले, त्यांच्या आठवणीत केलेलं गाणं. रिफ मोठा आणि साधा आहे. मधेच सगळा गोंगाट थांबतो आणि एकटी अकूस्टिक गिटार येते, स्पॅनिश ढंगाची, काही क्षणच. सबंध अल्बममध्ये खोली ऐकू येते ती इथं. पहिल्या ऐकण्यात मला हा तुकडा उगाच घातल्यासारखा वाटला होता. आता तो यायच्या आधी मी हातातलं काम थांबवतो.

घ्यायचा असेल तर १४ गाण्यांची आवृत्ती घ्या. जादा तीन गाण्यांपैकी ‘द लॉजर’ नाटकासारखं, गडद आणि या बँडकडून सहसा न ऐकलेलं आहे. ते बॉब हॅलिगन ज्युनियरनं लिहिलंय, प्रीस्टचं जुनं ‘सम हेड्स आर गॉना रोल’ ज्याचं, तोच. बाकीची दोन ठीकठाक. मला पहिली सीडी कव्हर तडकलेल्या अवस्थेत मिळाली होती आणि बदलून घेण्यात तीन आठवडे गेले, तेव्हा पार्सल उघडताना फोटो काढून ठेवा. ऐकताना आवाज आधी निम्म्यावर ठेवा, आणि शक्य असेल तर इअरफोन नको, स्पीकर.

गाडीत मात्र अजूनही सुरुवात ‘पॅनिक अटॅक’नंच होते. कोल्हापूर सोडलं की पहिली तीन गाणी किणीच्या टोलनाक्याच्या आसपास संपतात. ‘क्राउन ऑफ हॉर्न्स’ लागतं तेव्हा वारणेचा पूल मागे पडलेला असतो, आणि बायको, जिला मेटल कधीच आवडलं नाही, ती गेल्या महिन्यात म्हणाली, “हे परत लाव.”